प्रत्येकी एक खडा

आधी बूट दाखवा.
वरून नको, पालथे करा. तळ बघू दे.
हा चालेल. हाही.
तुमचा, ताई, घासून घासून ताटासारखा गुळगुळीत झालाय.
दारामागे माझ्या भाचीचे आहेत, ते घाला. चिखल तेवढा झटका.

मी चेरोतिच.
कॉफीची अडीचशे झाडं, दोन शेळ्या आणि हा धबधबा.
धबधबा माझा नाही, एल्गॉन डोंगराचा आहे,
पण शेळ्यांपेक्षा जास्त राखण त्याच्यापाशीच करावी लागते.

हा डबा पुढे सरकवा.
पूर्वी दूधपावडरचा होता, आता त्यात खडे आहेत.
प्रत्येकी एक घ्या, खिशात ठेवा.
वर परत आलात की डब्यात टाका,
टण्ण असा आवाज मला ऐकू आला पाहिजे.
शाळा माझी चौथीत सुटली, पण
जितके टण्ण तितकी माणसं, हे गणित मला येतं.

एकदाच चुकलं.
संध्याकाळी एक टण्ण कमी.
सगळा गाव कंदील घेऊन कपारींत उतरला,
मी रात्रभर एका परक्या माणसाचं नाव ओरडत होते,
तेही चुकीचं, त्याच्या घरचं कुणी ऐकलं असतं तर हसलं असतं.
आणि तो? म्बालेच्या हॉटेलात. कोंबडी खाऊन झोपलेला.
घाईत परस्पर गाडीत बसला, खडा खिशातच.
तीन महिन्यांनी टपालाने आला खडा,
चिठ्ठीत लपेटलेला, वर पाच तिकिटं.
मी त्याला खूप शिव्या दिल्या. मग खडा धुतला.
तोच आज तुमच्याकडे आलाय, दादा, पांढरी रेघ असलेला.
सांभाळा, बराच प्रवास झालाय त्याचा.

चला. वाटेत कुठलाही वेल धरू नका,
वेल हातात येतो, मुळासकट.
शिडीला सदतीस पायऱ्या, निलगिरीच्या.
एकोणिसावीला आम्ही सासू म्हणतो:
नमस्कार करायचा, भार टाकायचा नाही.

खाली गेल्यावर बोललेलं ऐकू येणार नाही,
म्हणून आत्ताच सांगते.
पाणी बघायला आलात, तर त्याचा रंग बघा.
आत्ता पांढरं आहे.
दूध घातलेल्या कॉफीचा रंग आला
की वर, ढगाच्या पलीकडे, पाऊस झाला समजा.
इथे ऊन असेल. पाखरं गात असतील.
उन्हाचं ऐकू नका.
माझी शिट्टी वाजली की वळायचं,
फोटो अर्धा राहू दे, बोलणं अर्धं राहू दे.

आणि तो काळा सपाट दगड,
जिथे इंद्रधनुष्य अगदी पावलांवर येऊन बसतं,
तिथे जायचं नाही.
सगळ्यांत सुंदर जागा तीच आहे, मला माहीत आहे.
सोळा वर्षांची असताना मी तिथे उभी होते,
शेजारी सोयेक्वो.
मी एक पाऊल मागे होते, इतकंच.
ते येताना सांगेन.

*

टण्ण.
टण्ण, टण्ण.
भिजलात ना? केसांत तुषार घेऊन
सगळे कसे लहान मुलांसारखे दिसताय.
टण्ण. ताई, बूट तिथेच काढा.
आठ. नऊ.
दादा, तुम्ही खिसे चाचपताय,
माझ्या पोटात गोळा येतोय. दुसरा खिसा बघा.
हां.
दहा.
आणि मी, अकरावी. माझाही खडा असतो,
डोंगराने मोजायला नको का?

काय राहिलं? सोयेक्वोचं?
समोर कुबडी टेकत किटली घेऊन येतोय ना,
एक थेंबही न सांडता,
त्यालाच विचारा.
मला तो दरवेळी वेगळंच सांगतो,
आणि त्यात मी
कधीच एक पाऊल मागे नसते.