सातवा भाग

चोपड्याच्या बसस्टँडमागे, रद्दीच्या दुकानात
किलोच्या भावाने मिळाली ती जपानी कॉमिकं.
सहा भाग. आत पुण्याच्या कुठल्याशा होस्टेलचा शिक्का.
मी पहिलं पान उघडलं तर गोष्ट संपलेली:
नायिका पाठमोरी, तलवार म्यानात, पायाशी राख.
जुबेदा तडवी खदखदून हसली.
चौथीपर्यंत उर्दू शाळेत होती ती.
म्हणाली, उजवीकडून गं येडे. आमच्यासारखं.

मग तो अख्खा मे महिना
पत्र्याखाली, ओल्या टॉवेलाखाली डोकी घालून
आम्ही उजवीकडून डावीकडे गेलो.
इंग्रजी अर्धंमुर्धं कळायचं. तिचं नाव तर जिभेवर बसेना,
म्हणून नुसतं ‘ती’ म्हणायचो,
जशा आमच्या आया नवऱ्याला ‘हे’.

पहिल्या भागात तिने तीन मजली राक्षस उभा चिरला.
आम्ही खूश.
तिसऱ्यात तिचे कपडे फाटायला लागले,
आणि नेमके तिथेच फाटायचे.
जुबेदाने चित्रावर पंजा ठेवला.
‘हा काढणारा तिची लढाई बघतोय, का तिला?’
चौथ्यात तर ती बेशुद्धच. मोजली, अकरा पानं.
आणि गेल्या आठवड्यात तलवार धरायला शिकलेलं एक पोरगं
तिला खांद्यावर टाकून निघालं.
जुबेदा उठून माठाकडे गेली. पाणी प्यायली.
‘एवढा मार खाऊन उभी राहिली, अन् आता हिला चक्कर?’

‘काय वाची ऱ्हायन्यात वं?’ आई दारातून.
केळीच्या पॅकिंगवरून आलेली, पोलक्यावर चिकाचे डाग.
चीक लागतो तेव्हा पाण्यासारखा असतो,
काळा पडतो नंतर. मग जन्मात निघत नाही.
त्या पुस्तकांत रक्तही काळंच होतं.

पाचव्या भागात एक पान आहे,
आम्ही सगळ्यात जास्त उघडलेलं, कोपरे मऊ पडलेलं.
त्यात काहीच होत नाही.
ती नदीकाठी बसलीय, हातात भाताचा वाडगा,
आणि बोटं थरथरतायत, म्हणून घास उचलता येत नाही.
दुसऱ्या भागातली जखम तिला पाचव्यातही दुखते.
एक अक्षर नाही पानावर.
जुबेदा म्हणाली, आता पटली मला ही.

सहावा संपतो दरवाज्यात.
आत शंभर माणसं, बाहेर ती एकटी. पुढे चालू.
सातवा मागायला गेलो तर रद्दीवाले बारकूशेठ म्हणाले,
‘बेटा, रद्दीला अनुक्रम नसतो.’

तेव्हा आम्हीच काढायला घेतला.
जिनिंगच्या जुन्या हिशेबवहीत, कापसाच्या वजनांच्या मागच्या कोऱ्या बाजूला.
मी पट्टी लावून वेगाच्या रेघा मारल्या, तिला हवेत उडवलं.
जुबेदाने खोडरबर फिरवला.
‘थांब. आधी घाबरू दे तिला.’
दोन पानं ती नुसती घाबरली.
‘आता मागं वळून बघू दे. वाट मोकळी आहे, ते दिसू दे.’
एक पान ते.
‘आता ठरवू दे.’

मूठ काही केल्या जमेना मला.
शेवटी आईला म्हटलं, उलथणं धर, हलू नको.
‘लवकर कर, भाकर जळी जाई.’
तोच हात मी तिला दिला:
जाड बोटं, नखांत काळं, अंगठ्यावर जुना काप.
आणि सहा भागांत पहिल्यांदा
तलवारीला वजन आलं.

जळगावात फ्लेक्सच्या दुकानात असते मी आता.
वाढदिवस, उद्घाटनं, श्रद्धांजल्या.
परवा मुलींच्या कबड्डी संघाचं बॅनर आलं,
‘जरा डॅशिंग करा ताई, मागे आग वगैरे.’
आग टाकली. पैसे आगीचे असतात.

वही जुबेदाकडेच राहिली, रावेरला.
शेवटची चौकट कोरी आहे.
मी विचारलं होतं, जिंकते ना गं?
ती म्हणाली, ते नको काढू.
पाय काढ. अनवाणी काढ.
टाच मातीत रुतलेली दिसली पाहिजे.

पाय मला अजून येत नाहीत.