मजुरीचा रकाना

रात्री साडेअकराला नळ येतो तांडापेठेत.
दोन ड्रम भरले की घर माझं.
मागाचा खड्डा बुजवून जिथं फरशी टाकली
तिथं मिक्सर, तिथंच मी,
आणि तिळाच्या डब्याला टेकवलेला मोबाइल.

व्हिडिओतली बाई फार भरभर बोलते.
मी तिला पाऊण वेगावर ठेवते,
मग ती पेंगल्यासारखी बोलते आणि मला समजते.
म्हणाली, मैत्रिणींनो, आधी उद्योगाला नाव द्या.
मसाला सात वर्षांचा झाला, बारसं राहूनच गेलं.
गोळीबार चौकात म्हणतात, कुमुदबाईचा पुडा.
तेच लिहिलं. फॉर्मनं घेतलं.

मग त्यानं ओटीपी मागितला.
तो गेला भासऱ्यांच्या फोनवर.
आधारला त्यांचाच नंबर,
लग्नाच्या वर्षी त्यांनीच जोडून आणलेला.
वरच्या माळ्यावर ते झोपून राहिले होते.
मी जिन्यात, अर्ध्या पायऱ्यांवर.
दहा मिनिटांत आकडे मरतात म्हणे.
मरू दिले.

आधार केंद्रात मशीन अंगठा ओळखेना.
पोरगा म्हणे, काकू, रेषाच नाही राहिल्या तुमच्या.
भिवापुरी मिरचीनं खाल्ल्या असतील,
नाहीतर भांड्याच्या तारेनं.
ओल्या फडक्यानं पुसा, पुन्हा द्या.
चौथ्या खेपेला डाव्या हाताची करंगळी लागली.
मला हसू आलं, तर तो म्हणे, हलू नका.
आठवड्यानं ओटीपी माझ्याच तळहातात
टुणकन वाजला.

आजचा धडा भावाचा.
बाई म्हणते, वही घ्या, सगळं लिहा.
मिरची लिहिली. जवस, खसखस, दगडफूल.
पाऊच, चिकटपट्टी, कुरियर.
मोतीरामच्या चक्कीचे किलोमागे वीस,
लाइट गेली तरी तो एक रुपया सोडत नाही.
मिक्सरची झीज लिहा, म्हणाली.
मिक्सर झिजतो हे कोणी मोजतं,
हेच मला नवीन.
पुढचा रकाना: मजुरी.
आपण तर कोणाला ठेवलं नाही कामाला,
म्हणून रिकामा सोडला.
बाई म्हणाली, तुमची, तुमची स्वतःची.
मी तिला थांबवलं. तोंड उघडंच राहिलं तिचं.

सासरे मागावर बसत तेव्हा
सासू ओसरीत कांड्या भरायची, दिवस दिवस.
पातळ विकलं की मजुरी सासऱ्यांच्या हातात.
कांड्यांचं कधी कोणी काही बोललं नाही.
ती पण नाही.

तासाचे चाळीस लिहिले.
खोडले.
साठ लिहिले, आणि वही लगेच मिटली,
कोणी पाहून राहिलं असल्यासारखी.
पुडा एकशे ऐंशीचा दोनशे तीसला गेला.

सकाळी मानेवाड्याच्या डोंगरे मॅडमचा मेसेज:
ताई, भाव काऊन वाढला हो?
मसाल्यात काही नवीन टाकून राहिल्या का?
टाइप केलं, मिरची महागली.
पुसलं. मिरची यंदा स्वस्त आहे, त्यांनाही माहीत आहे.
टाइप केलं, हो, मजुरी. माझी.
पाठवलं.

दोन निळ्या टिका.
मग त्यांचं टायपिंग दिसत राहिलं,
जात राहिलं, परत दिसलं.
मी कढई चढवली. आधी जवस,
मग आच कमी करून दगडफूल.
त्याला घाई चालत नाही,
कडू होऊन जातं.