नदी वरून की खालून

हेमांगीनं फोनवर दोन रस्ते सांगितले.
गॅस एजन्सीच्या कॅलेंडरच्या पाठीवर
मी ते पेन्सिलीनं आखले.
रेघ आता सरळ येत नाही.

पहिला : बालीहून हावडा, लोकलनं, सतरा मिनिटं.
मग सरकता जिना, खाली, आणखी खाली,
मेट्रो नदीच्या पोटाखालून जाते
आणि धर्मतळ्याला वर काढते.

दुसरा : बाली घाटावरून दुसरीच गाडी,
हुगळीच्या पुलावरून दमदम,
तिथं जमिनीत शिरायचं
ते थेट कचेरीच्या दाराशीच उजेड बघायचा.

पहिल्यानं बावीस मिनिटं वाचतात.
"मग विचारते कशाला?"
"विचारत नाही अण्णा, सांगते."

मी कीमॅन होतो. एकतीस वर्षं
भुसावळ ते दुसखेडा पायी,
खांद्यावर हातोडा.
सुटलेली चावी दिसली की ठोकायची,
न दिसली तरी कळायची,
सैल रूळ दांड्यातून कोपरापर्यंत येऊन सांगतो.
तापीच्या पुलावर स्लीपरांच्या फटींतून
पाणी दिसायचं, चैतात नुसती वाळू,
वाळूत कुणाची टरबुजांची वाडी.
गाडी आली की कडेच्या पिंजऱ्यात उभं राहायचं.
खिडक्यांतून हात निघायचे,
नाणी सुटायची.
एखादं गर्डरला लागून माझ्या पायाशी पडे.
ते मी उचलून नदीत टाकायचो,
दुसऱ्याचा नवस खिशात ठेवू नये.
एकदा फक्त चहा प्यालो.

ती निघाली तेव्हा तिच्या आईनं
पाचाचं नाणं रुमालाच्या टोकाला बांधलं :
तापी आली की टाक.
नागपूरकडची गाडी तापी ओलांडतच नाही,
हे रेल्वेवाल्याच्या बायकोला
इतक्या वर्षांत माहीत नव्हतं,
आणि प्लॅटफॉर्मवर मीही सांगितलं नाही.
अकोल्याहून फोन आला :
"अण्णा, नदी कधी येते?"

आता आई भाकरी थापता थापता विचारते,
"खालून गेल्यावर नाणं कुठं टाकायचं?
डोक्यावर?"
तिकडं हसू.
"आई, तिथं निळे दिवे लावलेत बोगद्यात,
नदी सुरू झाली ते कळावं म्हणून.
पंचेचाळीस सेकंद. मग संपते."

पंचेचाळीस सेकंद.
मला हातोडा घेऊन तापीला
चांगली एक विडी लागायची.

माझे वडील यावलकडं विहिरी खोदायचे.
दोरानं वर आले की पहिल्यांदा
डोळे मिटून काठावर बसायचे,
म्हणायचे, ऊन जड असतं रे.
पाणी त्यांना पायाखाली लागायचं,
कधी कोपरभर, कधी घोट्याएवढं.
डोक्यावरून पाणी गेलं
हे आमच्यात बुडालेल्याबद्दल बोलतात.
हे तिला सांगणार होतो.
मग म्हटलं राहू दे,
पोरीला रोज जायचंय.

"पहिल्याच रस्त्यानं जा," मी म्हटलं.
"बावीस मिनिटं झोप होईल."
"बरं," ती म्हणाली,
तिचं 'बरं' मला तिच्या शाळेपासून ठाऊक आहे.

मंगळवारी सकाळी आठ वाजून दहा.
मी केळीचे घड आणायला निघालेलो,
एक पाय चपलेत.
फोनवर काहीच बोलली नाही,
नुसता फोन धरला बाहेर.
वारा. लोखंड.
चाकं सांध्यांवरून जाताना
ठक ठक, ठक ठक,
मोकळ्या पाण्यावरचा तो पोकळ आवाज,
आणि मध्येच एकदा
ठक
चळ्.

"हेमांगी, मागं गेलं ते कितवं कमान?"
"काय?"
"तिथं बोल्ट सैल आहे. उतरलीस की सांग कुणाला तरी.
दमदमला. खाकीतला कुणीही दिसला तर."
"अण्णा, मला बंगाली येत नाही अजून."
"हातानं दाखव."

नाण्याचं मी विचारलं नाही.
आईनं विचारलं असतं,
ती मागं नळावर होती.