गुरुवारी पंधरा जण

बाकडं चौघींचं. बसतो आम्ही सात जणी,
खरं तर चौदा;
जयमालाला जुळी आहेत, म्हणजे पंधरा.
भांडुपच्या टेकडीखालचं पालिकेचं प्रसूतिगृह,
ऑक्टोबर, आणि पंखा फिरतो तो फक्त स्वतःपुरता.

केसपेपरने वारा घेत
आम्ही एकमेकींना नावाआधी आठवड्यांनी ओळखतो.
"चौतीस?"
"छत्तीस."
"मग तू माझ्या पुढे."

निलोफरने आज नवऱ्याच्या चपला घातल्यात, नऊ नंबर.
चालताना त्या तिच्या मागून अर्ध्या क्षणाने येतात.
हेमांगीला आपली पावलं दिसून महिना झाला.
नखं सासऱ्यांनी कापून दिली,
मान खाली घालून, एक शब्द न बोलता,
मग नेलकटर धुऊन होतं तिथे ठेवलं.

रात्रीचं सगळ्यांचं एकच:
डावी कूस, दोन गुडघ्यांत उशी,
नवरा भिंतीला पालीसारखा,
आणि तीन वाजता आतून टाच.
जयमालाच्या पोटात तर तेव्हा भांडण पेटतं.
"मुंबईचीच पोरं," ती म्हणते,
"जन्माआधीपासून जागेवरून."

मर्सी राहते चौथ्या मजल्यावर, लिफ्ट दिवाळीनंतर.
शेजाऱ्यांनी तिच्यासाठी जिन्यात खुर्च्या ठेवल्यात,
दुसऱ्यावर प्लास्टिकची, तिसऱ्यावर गादीवाली.
"तिसऱ्या मजल्यावर मी जरा जास्तच दमते गं."

मग मी हळूच सांगून टाकलं
की मला खडू खावासा वाटतो.
बालवाडीत शिकवते मी,
खडूंची पेटी माझ्याच ताब्यात.
कुणी नाक मुरडलं नाही.
तारामतीने एवढंच विचारलं, "पांढरा की रंगीत?"
त्यावर इतक्या हसलो
की दोघींना घाईने उठून जावं लागलं.

तेवढ्यात सिस्टर ओरडली,
अंगठ्या-बिंगठ्या घरी काढून या,
बोट सुजलं की मग कापावी लागते.

हेमांगीने बोट पाहिलं. सोनं मांसात रुतलेलं.
साबण लावून झालाय, म्हणाली. खोबरेलही.
कापू नका ओ.

तारामती घरी फॉल-बीडिंगचं काम करते,
पिशवीत एक तरी रीळ असतंच. आज राणी रंगाचं.
सुईचं नेढं अंगठीखालून सरकवून
तिने दोरा पलीकडे काढला,
मग बोटाला वेढे, घट्ट, एकाला एक लागून,
सांध्याच्या पार पुढे.
निलोफरने हात वर धरला,
जयमाला फुंकर घालत राहिली, कशासाठी कोण जाणे,
आणि मी टोक धरून उलगडत गेले,
एक वेढा, अंगठी केसभर पुढे,
एक वेढा,
सांधा आला तशी हेमांगीने डोळे मिटले.
"श्वास सोड," मर्सी म्हणाली, "सोड, सोड, आता घे,"
आणि कुणी न सांगता आम्ही सगळ्याच
तिच्याबरोबर सोडू लागलो, घेऊ लागलो.

निघाली.
एवढीशी. माझ्या तळहातावर तेलकट, गरम.

रडली मग हेमांगी.
दुखलं म्हणून नाही,
"बोट बघा ना कसं दिसतंय," म्हणाली.
बोटावर एक पांढरा चर होता,
लग्नापासून ऊन न लागलेला.
तारामतीने दाताने दोरा तोडला,
चार पदर केले, अंगठी ओवली,
तिच्या गळ्यात बांधून गाठ मानेमागे लपवली.

"सव्वीस नंबर! सव्वीस कोण?"

सव्वीस मी.
काट्यावर चढले, आकडा मला दिसत नाही,
मध्ये पोट.
"हातात काय आहे ते खाली ठेव," सिस्टर म्हणाली.
मूठ उघडून दाखवली: राणी दोऱ्याचा गुंता.
तिने माझ्याकडे पाहिलं, मग काट्याकडे,
आणि लिहिलं,
एकसष्ट तीनशे,
दोऱ्यासकट.