'रू'ची शेपटी

सेलडोहच्या भिंतीवर झिंगरूनं लिहिलं 'दारूबंदी',
'रू'ची शेपटी वर, विंचवासारखी.
अन् मजुरी घेऊन, जिल्ह्याची हद्द ओलांडून
संध्याकाळी बुटीबोरीत, आमच्या काउंटरवर.
नखांत निळा रंग, खिशात बडीशेप.
"गावात थेंब नाही घेत मी," म्हणे.
आमची पाटीही त्याचीच,
उधारीच्या वहीत
स्वतःचं नावही तसंच काढायचा, शेपटीसकट.

परवा त्याची बायको आली.
भांडली नाही.
पोलिसांचं ठरत नाही म्हणाली, केस कोणत्या ठाण्याची:
डोकं वर्ध्यात पडलेलं,
पाय नागपुरात.

मी वही लपवली.
ती पाटीकडं बघत राहिली,
मग म्हणाली,
"अक्षर लय चांगलं होतं जी त्याईचं."