बर्फातलं चालत नाही

बर्फातलं चालत नाही
हे कळायला गणेश पेठेतली सतरा माकळं लागली.
डोळे टक्क उघडे, अंग भिजल्या साबणासारखं,
शिरेला दोरा बांधावा
तर जुन्या नाडीसारखी हातात यायची.
बाई म्हणाल्या, "मेलेल्याला काय विचारणार, खिल्लारे?"

मग मुश्ताक बुरोंडकरनं हर्णैला निळ्या पिंपात
समुद्रच भरला थोडा,
वर बॅटरीचा पंप लावला
आणि ताम्हिणीच्या वळणांनी रात्रभर
एक जीव घाटावर चढवला.
चांदणी चौकात हवालदारानं झाकण काढायला लावलं.
तो वाकला, तसं आतलं जनावर पांढरंफटक पडलं
आणि पाणी काळं झालं.
"शाई आहे साहेब."
"मग? लिहायला नेताय?"

साडेसहाला प्रयोगशाळेत.
बाहेर जानेवारी, टेकडीवर फिरणारे कानटोप्या घालून.
बाईंनी त्याला गुंगी दिली, वेळ घेऊन दिली.
मग उघडलं.
रक्त आधी पाण्यासारखं,
हवा लागली तसं निळं होत गेलं,
निळीचं बोट बादलीत बुडवावं तितपत.
हृदयं तीन. मी दोनच मोजली.
बाई म्हणाल्या, परत मोजा.

आणि मोठ्या धमनीवर
केसाएवढी पांढरी रेघ.
"हा मज्जातंतू. मेंदूचा निरोप याच्यातून उतरतो.
कुठली शीर आवळायची, कुठली सोडायची."

माझा बाप मुठा कालव्यावर पाटकरी होता.
कचेरीतून चिठ्ठी यायची:
हडपसरला आवळा, फुरसुंगीला सोडा.
चिठ्ठीत कारण कधी नसायचं.
तो दारं फिरवायचा,
आणि कुठेतरी ऊस हिरवा व्हायचा
किंवा नाही व्हायचा.

तंतूला दोन बारीक तारा लावल्या.
शिरेचं एक टोक आकड्याला, एक काडीला,
काडीचं टोक काजळी धरलेल्या कागदावर.
बाईंनी बटण दाबलं.
काडी उचलली.
एवढीशी नळी, दूध प्यायच्या स्ट्रॉएवढीही नाही,
दूरवरून कुणी हाक मारल्यासारखी आकसली,
क्षणभर तशीच राहिली,
मग सैल.

दाबलं, आकसली.
थांबलो, सैल.
"एक नंबरची बाटली," बाई म्हणाल्या.
मी थेंब सोडला. बटण दाबलं.
काडी हललीच नाही.
निरोप निघाला असेल, पण दार उघडलं नाही कुणी.
बाई हसल्या. मला वाईट वाटलं,
मग धुऊन घेतल्यावर पुन्हा आकसली
तेव्हा मीही हसलो.

साडेअकराला त्यांनी तंतूच कापला.
मी म्हटलं, संपलं.
पण काडी आपली आपण
हळूहळू वर, हळूहळू खाली,
काळ्या कागदावर पांढऱ्या टेकड्या काढत राहिली,
एक उंच, दोन ठेंगण्या, मग एक तिरकीच.
बाई वहीत लिहीत होत्या.
मला बाप दिसला:
चिठ्ठी नसलेल्या रात्री उठून
कंदील घेऊन दारापर्यंत जायचा,
चाकावर हात ठेवायचा,
थोडं फिरवायचा, परत बसवायचा.
आई विचारायची, कुणी बोलावलं होतं?
तो म्हणायचा, कुणी नाही.

कागद चंद्रसात बुडवून दोरीवर वाळत घातला.
पिंप धुतलं. शाई फरशीच्या सांध्यात राहिलीच.

संध्याकाळी मुश्ताक पैसे घ्यायला आला,
चहा प्यायला, पिंपात डोकावला.
"जगलं का हो?"
मी म्हटलं, "थोडंसं.
दोन वाजेपर्यंत."