खसखशीचं नाक

तिसरी लस होईपर्यंत जिना उतरायचा नाही,
डॉक्टर केणींनी बजावलंय.
म्हणजे अजून एकोणीस दिवस
घणसोली, सेक्टर नऊ, दुसरा मजला,
एवढंच जग तिला,
आणि तिच्यापायी मला.

खसखस तिचं नाव, नाकावरच्या ठिपक्यांवरून.
अडीच महिन्यांची.
या आठवड्यात खाल्लं ते असं :
कुमुदच्या चपलेचा अंगठा,
विजेचं बिल (भरलेलं, नशीब),
सोफ्याचा कोपरा, आणि दाराच्या चौकटीचं
चार बोटं लाकूड.
शाळेला निघताना कुमुद म्हणाली,
"कंटाळलीय ती. डोकं रिकामं राहिलं
की दात चालतात."
तीस वर्षं चौथीचा वर्ग सांभाळलाय तिने.
मी वाद घातला नाही.

जुन्या पंचात दाणे गुंडाळून दिले,
तिने पंचा सोडवला, मग पंचाही खाल्ला.
तीन वाट्या उपड्या घातल्या, एकीखाली भाकरीचा तुकडा.
दुसऱ्या दिवशी ती तिन्ही उलथून मोकळी,
फरशीवर खण्ण, खण्ण, सकाळी सहाला.
खालच्या नलावडेबाई वर आल्या,
रागवायला आल्या होत्या,
पाऊण तास तिला मांडीवर घेऊन बसल्या.
तरी जाताना म्हणाल्याच, वाट्या नकोत हो.

म्हणून बिनआवाजाचा खेळ. वासाचा.
होमिओपॅथीच्या रिकाम्या डब्या, झाकणाला टाचणीची भोकं.
एकीत ओवा,
एकीत दिवाळ्याच्या कोळणीकडचा जवळा,
एकीत कुंडीतली माती,
एकीत खडूची भुकटी.
खडूला वास असतो का?
मला काय विचारता.

मला वास येत नाही.
रबाळ्याला रंगाच्या कंपनीत
सव्वीस वर्षं उकळत्या टाकीच्या तोंडाशी उभा होतो.
नेमका कधी गेला, सांगता यायचं नाही.
एका रविवारी कुमुद बोंबील तळत होती
आणि मी विचारलं, आज भाजी कसली?
ती हसली.
मग हसायची थांबली.

तर मी डब्या लपवतो, ती शोधते.
चपलांच्या कपाटात जवळा, पडद्यामागे ओवा,
मिक्सरच्या खोक्यात माती.
नाक जमिनीला, शेपूट हवेत,
मधेच थांबते, मागे येते,
काहीतरी राहून गेलेलं पुन्हा वाचते.
वीस मिनिटांत अशी दमते
की दोन तास पालथी.

परवा डब्या धुतल्या, चिठ्ठ्या भिजल्या.
भरून झाकणं लावली, आणि माझीच पंचाईत.
उघडून पाहता आलं असतं.
पण मी दोन डब्या तिच्यापुढे धरल्या.
एकीला ती शिंकली.
दुसरीला चाटत सुटली.
मी पेनाने लिहिलं : ओवा. जवळा.
लिहून मग उघडून पाहिलं, तेवढा अविश्वास चालतो.

काल पलंगाखालून तिने ओढून काढला
माझा कंपनीतला बूट.
सहा वर्षं पडून होता.
म्हटलं, गेला.
पण दात लावला नाही तिने.
आत तोंड घालून बसली, शेपूट स्थिर,
कान मागे, श्वासाचे छोटे छोटे घोट.
किती वेळ. मीही खाली बसलो, गुडघे कुरकुरले तरी.
काय असेल आत?
कँटीनची उसळ, घाम,
निळ्या रंगाची ती पावडर,
पाटकर चक्कर येऊन पडला ती दुपार?
सव्वीस वर्षं मी घालत होतो तो,
आणि आत काय साठलंय
हे घरात फक्त तिला ठाऊक.
मग माझा हात हुंगला, कोपरापर्यंत.
पुन्हा बूट. पुन्हा हात.
जुळतंय का बघत असावी.
आणि उठून गेली खुर्चीचा पाय खायला.

संध्याकाळी कुमुद आली, दारातच थबकली.
"घरात कसला वास येतोय?"
मी खसखशीकडे पाहिलं,
खसखशीने पडद्यामागच्या कोपऱ्याकडे,
मग घाईने दुसरीकडेच.